क्लच त्याचा, गिअर तिचा

नेडीन क्लेव्हेंजरला डॉक्टरांनी फेब्रुवारीत सांगितलं की आता औषधं थांबवू या, त्यांचा उपयोग होत नाही आणि त्रास मात्र होतोय. जूनमध्ये इकडे उन्हाळा लागतो, तो दिसेल का, असं तिने विचारलं. डॉक्टरीणबाई भल्या होत्या, त्या म्हणाल्या, सुरुवातीचा दिसेल कदाचित. तिचा नवरा डेलमर शेजारच्या खुर्चीत टोपी मांडीवर ठेवून बसला होता. त्याने सगळं ऐकलं, डॉक्टरीणबाईंचे आभार मानले, आणि घरी येताना वाटेत एवढंच बोलला की शेव्हेल गाडीला आता ओव्हरड्राइव्ह बसवून टाकू, म्हणजे जूनमध्ये व्हर्नाकडे जाता येईल.

व्हर्ना ही नेडीनची थोरली बहीण. ती राहते टेक्ससमध्ये, विचिटा फॉल्सला, आणि विमानात बसायचं नाही हे तिने कधीकाळी ठरवलंय ते ठरवलंय. नेडीनलाही विमान नको होतं. आणि डेलमरच्या मते इंडियानातून टेक्ससला जायला जगात एकच वाहन होतं, त्याची सत्तर सालची निळी शेव्हेल. दवाखान्यातून असं उत्तर घेऊन निघालेला दुसरा कुणी नवरा रडला असता, देवाला तरी बोलला असता. हा गृहस्थ गिअरबॉक्सचा विचार करत होता. पण तो मन्सी गावचा होता, आणि मन्सीची माणसं अशीच आहेत.

या गावात गिअरबॉक्सचा कारखाना होता. तिथे चार गिअरचा जो बॉक्स बनायचा तो साऱ्या देशात गावाच्याच नावाने ओळखला जायचा, अजूनही जातो. दांडगी इंजिनं घातलेल्या त्या वेळच्या गाड्यांमध्ये तो असला की माणसं कॉलर ताठ करून सांगायची, माझ्या गाडीत मन्सी आहे. डेलमर अठराव्या वर्षी तिथे लागला आणि कारखाना बंद होईपर्यंत तिथेच राहिला. आता त्या जागी मोकळी जमीन आहे. त्यावरून जाताना तो अजून तिकडे बघत नाही.

त्याच्या शेव्हेलमध्ये तोच बॉक्स होता. गावात फिरायला झकास, पण हायवेवर नेलं की चौथ्या गिअरच्या पुढे काहीच नाही. चाकं जितकी जोरात धावतील तितकं इंजिनही जोरात फिरायचं, किंचाळायचं. शेजारच्या माणसाशी बोलायचं तर ओरडावं लागे. तरुणपणी त्या आवाजाची मजा वाटली. आता नेडीनची हाडं दुखत होती, आणि तासभर ती थरथर सोसणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं. यावर उपाय एकच, आणखी वरचा एक गिअर घालायचा, ज्यात चाकं धावतात आणि इंजिन निवांत चालतं. त्यालाच ओव्हरड्राइव्ह म्हणतात. तो दोन तऱ्हांनी मिळतो. एक तर हाताने टाकायचा पाच गिअरचा बॉक्स घ्यायचा, डाव्या पायाशी क्लच होता तसाच ठेवून. नाहीतर ऑटोमॅटिक घ्यायचा, त्यात गाडी आपले गिअर आपण बदलते आणि डाव्या पायाला कामच उरत नाही.

डेलमरला पाच गिअरचा हवा होता. नेडीनला ऑटोमॅटिक. फेब्रुवारी संपून मार्च लागला तरी दोघं हट्टाला पेटलेली होती, आणि शेजारपाजाऱ्यांना वाटत होतं की म्हातारा-म्हातारीचा विरंगुळा चाललाय.

विरंगुळा मुळीच नव्हता. डेलमरचा डावा गुडघा कारखान्याच्या सिमेंटच्या जमिनीवर उभं राहून राहून कामातून गेला होता. त्याचं दोनदा ऑपरेशन झालं होतं. गाडीतून उतरताना तो दोन्ही हातांनी तो पाय उचलून बाहेर ठेवायचा आणि कुणी पाहिलं नाही ना ते बघायचा. नेडीन स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत असायची. क्लच दाबणं त्याला आणखी वर्ष, फार तर दोन वर्षं जमेल, हे तिला दिसत होतं. आणि मग? हा माणूस चर्चला जात नाही, मासे धरत नाही, पत्ते खेळत नाही. शनिवारी संध्याकाळी शेव्हेल काढायची, रूट बिअर नावाच्या गोड सरबताच्या टपरीसमोर इतरांच्या जुन्या गाड्यांच्या रांगेत लावायची, बॉनेट उघडून घडीच्या खुर्चीत बसायचं, हाच त्याचा देवधर्म. ती गाडी गॅरेजात चादरीखाली गेली की हा स्वयंपाकघरात टेबलाशी बसणार आणि बसूनच राहणार. मूलबाळ नव्हतं. त्याला हाताला धरून उठवणारं घरात कुणी नसणार. आपल्याला मरणाची फार भीती वाटत नाही, असं नेडीनला तेव्हा वाटायचं. त्या टेबलाशी एकट्या बसलेल्या डेलमरची वाटायची. म्हणून तिला जाण्यापूर्वी त्या गाडीतलं क्लचचं पेडल काढलेलं बघायचं होतं.

पण हे सांगायचं तर ‘मी गेल्यावर’ हे शब्द तोंडातून काढावे लागत, आणि ते निघाले की डेलमरला ऐकू येईनासं व्हायचं.

“माझ्यानंतर तू ती गाडी—”

“जूनमध्ये पाचवा तूच टाकणार आहेस,” तो म्हणायचा. “ऑटोमॅटिक घेतला तर तुझ्या हाताला काय काम?”

या बोलण्याला अर्थ होता. शेव्हेलची पुढची सीट अखंड होती, बाकासारखी. त्या काळी इकडे रीत अशी होती की नुसती ओळखीची मुलगी खिडकीपाशी बसायची, आणि प्रेमात पडलेली मधे, चालवणाऱ्याला खेटून. नेडीन पहिल्याच दिवशी मधे जाऊन बसली होती. तिच्या आईला हे कळलं तेव्हा घरात महाभारत झालं. मधे बसलं की गिअरचा दांडा तिच्या गुडघ्यांमध्ये यायचा. डेलमरचा उजवा हात तिच्या खांद्यावर, मग गिअर कोण टाकणार? तिने टाकायचा. क्लच त्याचा, गिअर तिचा. सुरुवातीला चुकायचं, मग बसलं. क्लच तळाला टेकला की त्याची पाठ सीटमध्ये रुतायची आणि खांदा तिच्या खांद्याला लागायचा, तेवढ्यावरून तिला कळायचं. बोलावं लागायचं नाही. लग्न झालं, केस पांढरे झाले, गावातल्या पोरांनी टिंगल केली, तरी ती कधी खिडकीपाशी सरकली नाही.

मार्चमध्ये एका दुपारी रॉइस आला. डेलमरचा कारखान्यातला जुना जोडीदार, जाडजूड, मोठ्या आवाजाचा, मनाचा चांगला. येताना त्याने पावाबाहेर वीतभर लोंबणारी तळलेल्या पोर्कची सँडविचेस आणली होती. नेडीनला आता चार घासांपलीकडे जात नव्हतं, पण तिने बशी पुढे ओढली.

“मी गावात काय ऐकतोय हे?” रॉइस खुर्चीत बसता बसता म्हणाला. “आपल्या हातचा बॉक्स काढून तू परका बसवणार? लाज आहे का, लेका?”

“त्यात पाचवा नाही,” डेलमर म्हणाला.

“आपल्याला कधी लागला पाचवा? चारात पोरी पटल्या, चारात लग्नं झाली.”

“तुझी चारात दोन मोडली पण,” नेडीन म्हणाली.

रॉइस हसला. “ते सोड. पाच गिअरचा घेतोयस ना? तेवढं तरी मी खपवून घेईन. लोहाराचा सुतार झालास म्हणेन, पण हत्यार अजून हातात आहे.”

“मी त्याला ऑटोमॅटिक घ्यायला सांगतेय,” नेडीन म्हणाली.

रॉइसने सँडविच खाली ठेवलं. त्याच्या चेहऱ्यावर खरंच दुखावल्याचा भाव आला. “डेलमर, कान उघडे ठेवून ऐक. ऑटोमॅटिक आज्यांच्या गाडीत असतो. तू त्या शेव्हेलमध्ये ऑटोमॅटिक बसवलास ना, तर तुझ्या मयताला मी यायचो नाही.”

शब्द तोंडातून गेला आणि त्याचा त्यालाच चटका बसला. तो कानापर्यंत लाल झाला. रुमाल शोधायला लागला. नेडीनला त्याची दया आली.

“त्याच्या मयताचं पुढचं पुढे,” ती म्हणाली. “माझ्याला तर येशील ना? आणि येताना हेच सँडविच आण, मयतानंतरच्या जेवणात चर्चवाल्या बायकांचा हॅम कोरडा असतो.”

रॉइसला हसू आवरलं नाही, आणि मग हसता हसता त्याचे डोळे भरले. तिला त्याचं बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी कुणीतरी तिच्यासमोर ती गोष्ट ऐकून घेतली होती. तिने डेलमरकडे पाहिलं, तर त्याची खुर्ची रिकामी होती. तो मागच्या दाराने गॅरेजकडे गेला होता, आणि थोड्या वेळाने तिकडून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज येऊ लागला. तिथे त्या दिवशी आपटण्यासारखं काही काम नव्हतं.

“तो मानतच नाही का?” रॉइसने हळूच विचारलं.

“जून, जून, जून,” नेडीन म्हणाली. “भिंतीवरच्या कॅलेंडरला त्याने जूनचं पान आधीच वर काढून ठेवलंय. या घरात मे महिना येणारच नाही.”

एप्रिल लागता लागता एकदा त्याने तिला गॅरेजात बोलावलं. तिने जाड रजई पांघरली आणि त्याचा हात धरून गेली. चालायला वेळ लागला. त्याने सीटच्या पुढ्यात, जिथे पाच गिअरचा दांडा वर येणार होता तिथे, केराच्या झाडूची मूठ उभी बांधली होती. त्या बॉक्सचा दांडा जुन्यापेक्षा मागे येतो, आणि अखंड सीट असली की मधल्या माणसाच्या पायांना तो लागेल का हे आधी बघावं लागतं. नेडीन मधे बसली. बसताना तिला धाप लागली ती तिने खोकल्यात घालवली.

“आता पाचवा टाक,” तो म्हणाला. “उजवीकडे आणि पुढे.”

तिने झाडूची मूठ उजवीकडे ढकलली. ती तिच्या गुडघ्याला लागली.

“लागलं?”

“लागलं. तुझा पाचवा माझ्या गुडघ्यात आहे, डेलमर.”

“दांडा वाकवून घेऊ. थोडा डावीकडे. वाकवलेला मिळतो.” तो खाली बसून खडूने खूण करू लागला. बसताना त्याने डावा पाय सरळ पुढे सोडला होता, कारण तो वाकत नव्हता. “आता बघ. आता नाही ना लागत?”

“डेलमर.”

“हं.”

“इकडे बघ जरा.”

त्याने पाहिलं नाही. खडू घेऊन तो तिच्या गुडघ्यापाशी रेघ ओढत राहिला, मग ती पुसून पुन्हा ओढली. रजईतून तिचा गुडघा वर दिसत होता, एवढासा झालेला, आणि तो माणूस त्या गुडघ्यासाठी लोखंड वाकवायला निघाला होता. नेडीनला त्याचा संताप आला. तिला ओरडावंसं वाटलं की अरे, मी नसणार आहे, हा गुडघाच नसणार आहे इथे, तू कुणासाठी मापं घेतोयस? आणि त्याच वेळी तिला असंही वाटलं की याने असाच तिथे बसून राहावं. तिच्या मनातल्या या दुसऱ्या गोष्टीकडे तिने तेव्हा लक्ष दिलं नाही.

नंतर ती वाट बघत राहिली ती पावसाची. हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ वितळायला मीठ टाकतात, आणि ते मीठ जुन्या गाड्यांचा पत्रा खाऊन टाकतं. म्हणून एखादा धो धो पाऊस पडून रस्ते धुऊन निघेपर्यंत शहाणा माणूस आपली गाडी बाहेर काढत नाही. या बाबतीत डेलमर सोवळ्यातल्या बाईहून कडक होता. तो रस्त्यावर बोट फिरवून चाखून बघायचा. यंदा पाऊस उशिरा आला, दोन दिवस लागून राहिला, आणि तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं तेव्हा त्याने फाटकाबाहेर जाऊन डांबराला बोट लावलं, जिभेवर टेकवलं, आणि आत येऊन म्हणाला, “चल.”

जुना बॉक्स काढण्याआधीची ती शेवटची फेरी होती. नवीन कोणता ते अजून ठरलं नव्हतं. गिअरबॉक्सच्या दुकानाकडून दोनदा विचारणा झाली होती. नेडीनने मनाशी ठरवलं होतं की आज त्याच्या गुडघ्याकडे नीट लक्ष ठेवायचं, कुठे अडखळतो ते पकडायचं आणि तिथल्या तिथे त्याला सांगायचं. आज हा वाद मिटवायचाच.

ती मधे बसली. त्याचा हात तिच्या खांद्यावर आला. घरातून निघताना पहिला, मग दुसरा. तिची बोटं औषधांनी बधिर झाली होती. कपाची कडा गरम आहे की गार हेही तिला कळेनासं झालं होतं. पण दांड्याचा गोळा तळहाताला लागत होता आणि तेवढं पुरे होतं. शेतांमधला सरळ रस्ता होता, दोन्ही बाजूंना नांगरलेली काळी जमीन. डेलमरचा खांदा तिच्या खांद्याला लागत होता, सरळ, एका दमात, कुठे न अडखळता. तिला नवल वाटलं. आज त्याचा गुडघा चांगला चालला होता.

तेलाच्या टाक्यांशी वळून तो पुन्हा वेगात आला. दुसऱ्यातून तिसऱ्यात जायचं होतं. दुसऱ्यातून दांडा पुढे ढकलायचा, पण मधे उजवीकडे सरकवायचा. सरळ ढकलला तर पहिला लागतो. हे तिने झोपेतही केलं असतं. त्याची पाठ सीटमध्ये रुतली, खांदा लागला, क्लच तळाला होता. तिने हात हलवला. हात उजवीकडे गेला असं तिला वाटलं. तो गेला नव्हता. बोटांना काही कळलंच नाही, आणि दांडा सरळ पुढे गेला.

गाडीच्या पोटातून जो आवाज आला तो तिने आजवर कधी ऐकला नव्हता. दात दातावर खरडत जावेत तसा, आणि तो दांड्यातून तिच्या खांद्यापर्यंत चढला. तिने हात मागे ओढून घेतला. डेलमरने क्लच तळाशी तसाच दाबून धरला, गाडी गिअरमधून सोडवली, आणि वेग संपेपर्यंत, गाडी रस्त्याच्या कडेच्या गवतात जाऊन थांबेपर्यंत, त्याचा पाय तिथून हलला नाही. तेवढा वेळ त्याने तो दाबून धरला होता. इंजिन बंद केल्यावर शेतात कुठेतरी पक्षी बोलत होता तो ऐकू आला.

नेडीनने आपला हात मांडीवर ठेवला होता आणि ती त्याच्याकडे बघत होती.

“गुडघा गेला,” डेलमर म्हणाला.

तिने त्याच्या डाव्या पायाकडे पाहिलं.

“ऐन वेळी दगा दिला बघ,” तो समोरच्या काचेकडे बघत म्हणाला. “क्लच अर्धाच दाबला गेला. माझी चूक. तू बरोबर टाकला होतास.”

या गुडघ्याबद्दल दोन महिने तो एक शब्द ऐकून घ्यायला तयार नव्हता. औषधाच्या दुकानात, रॉइससमोर, झोपताना, कधीही काढला तरी म्हणायचा, काही झालेलं नाही त्याला. आणि आज, जेव्हा गुडघा एकदाही चुकला नव्हता, तेव्हा त्याने तो कबूल केला. त्याला आवाजावरून कळलं होतं काय झालं ते. असे बॉक्स त्याने हाताने जुळवले होते, हजारो. पहिला कसा ओरडतो हे त्याला माहीत नसेल तर कुणाला असणार?

तिने म्हणायला हवं होतं की माझा हात चुकला. ते तिच्या ओठांवर आलंही. पण ते म्हटलं असतं तर दोघांना त्या हाताकडे बघावं लागलं असतं.

“असू दे,” ती म्हणाली. “होतं असं.”

परत येताना गिअर त्यानेच टाकले. तिच्या खांद्यावरचा हात त्याला काढून घ्यावा लागला.

घरी आल्यावर त्याने तिला स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवलं, पायांवर रजई घातली, चहाला पाणी ठेवलं. मग फोन काढून टेबलावर ठेवला आणि दुकानाला लावला. कारखान्याने त्याचे कान नेले होते, म्हणून तो नेहमी आवाज मोठा करून फोन टेबलावरच ठेवायचा, आणि पलीकडचं सगळं घराला ऐकू यायचं. दुकानातली बाई ओळखीची होती. गेले काही आठवडे त्यांचं बोलणं चालू होतंच.

“ठरलं का काका, कोणता घ्यायचा?” ती म्हणाली.

“ठरलं,” डेलमर म्हणाला. “ऑटोमॅटिक.”

नेडीनने फोनकडे पाहिलं. तिने हाच शब्द ऐकायला किती झगडा केला होता.

“अरे वा. बाईसाहेब जिंकल्या म्हणायच्या,” फोनवरची बाई हसत म्हणाली. “बरं, पटापट सांगा. गिअरची काडी खाली जमिनीवर हवी की वर स्टिअरिंगला?”

“वर स्टिअरिंगला.”

“म्हणजे मधे मोकळं राहील. छान. गाडीत साधारण किती जण असता? त्याप्रमाणे आम्ही ते कमी-जास्त करून देतो, गिअर कधी पडायचा ते.”

“एक,” तो म्हणाला. “मी एकटा.”

“आणि मागे तुम्ही टेक्ससचं म्हणाला होतात. लांबचा पल्ला ना?”

“नाही. ते आता नाही. गावातल्या गावात.”

“गावातल्या गावात?” बाईच्या आवाजात आश्चर्य होतं, चांगल्या मनाचं. “मग काका, खरं सांगू का, तुम्हाला ओव्हरड्राइव्ह लागतच नाही. गावात तुम्ही त्या वरच्या गिअरला पोचणारच नाही कधी. साधा तीनचा घ्या, तुमचं काम त्यात भागेल.”

शेगडीवरचं पाणी उकळायला लागलं होतं. कुणी उठलं नाही. डेलमर टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत होता, जसं रंधा मारलेलं लाकूड गुळगुळीत झालंय का बघावं.

“तोच द्या,” तो म्हणाला. “बायकोने निवडलाय.”

“बरं. कधीपर्यंत हवाय? जूनच्या आत हवा असेल तर मला आजच—”

“नाही,” डेलमर म्हणाला. “घाई नाही.”

नेडीन जिंकली होती. जे जे तिला हवं होतं ते सगळं त्याने तिच्यासमोर टेबलावर मांडलं होतं. पेडल जाणार होतं, गाडी चालत राहणार होती, आणि तो शनिवारी रूट बिअरच्या टपरीसमोर आपल्या खुर्चीत बसणार होता. तिचा जीव भांड्यात पडायला हवा होता. तो पडला नाही. आत्तापर्यंत या घरात एक माणूस असा होता की ज्याला खात्री होती, नेडीन जूनमध्ये गाडीत बसणार. त्या माणसाला ती हसत होती, त्याच्यावर चिडत होती, त्याला शहाणं करायला धडपडत होती, आणि रोज त्याच्या शेजारी निजून गाढ झोपत होती. आता तो शहाणा झाला होता. आता ती मरणार हे दोघांनाही माहीत होतं.

“डेलमर,” ती म्हणाली, “मला भीती वाटते.”

“काय म्हणालात?” फोनवरच्या बाईने विचारलं. “काका, तुम्ही काही म्हणालात का?”

डेलमरने हात पुढे करून फोन बंद केला.

“मलाही,” तो म्हणाला.